आठव्या क्रमांकाचा संघ आणि आजोबांचा पाट

तुमच्या आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन मे महिन्यात व्हायचं ते डिसेंबरात झालं, आणि त्याला कारण अमेरिकेतला एक बास्केटबॉलचा संघ होता, असं मी सांगते तेव्हा लोकांना वाटतं म्हातारीची काहीतरी गल्लत होतेय. तुम्ही दोघं तेव्हा फार लहान होतात. तुम्हाला त्या दिवशीचे पेढे तेवढे आठवत असतील. म्हणून सगळं क्रमानं लिहिते.

माणूस ऐंशीच्या पुढे गेला की त्याने हजार पौर्णिमा पाहिल्या असं धरतात, आणि घरची माणसं त्याला पाटावर बसवून दिव्यांनी ओवाळतात. मी कॅम्पातल्या कॉन्व्हेंटमध्ये शिकले, पुढे आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. व्रतवैकल्यांची मला कधीच फारशी ओढ नव्हती. पण आदल्या वर्षी आजोबांच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली. ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर बसल्या बसल्या माझ्या मनाने परस्पर ठरवून टाकलं, की हा माणूस घरी आला तर याला ओवाळायचं.

आजोबा घरी आले आणि म्हणाले, "मला नको."

"का नको?"

"हजार चंद्र मी पाहिलेले नाहीत. निम्म्या वेळा ढग होते."

"असं कुणी मोजतं का?"

"मी बँकेत होतो. आणि पाटावर बसायला गुडघे लागतात. माझे बँकेतच राहिले."

बरेच दिवस असं चाललं. शेवटी एकदा जेवताना ताटातून मान वर न करता म्हणाले, "ती आली आणि तिने ओवाळलं, तर बसेन पाटावर. नाहीतर तुमचे दिवे तुम्ही एकमेकांना ओवाळा."

ती म्हणजे तुमची ताई, मोठ्या काकांची मुलगी. दहा वर्षांची होईपर्यंत ती आमच्याजवळ वारज्यालाच होती. आजोबा तिला शाळेत सोडायचे आणि आणायचे, आणि दोघं वाटेत काय बोलायचे ते घरी आल्यावर मला कधी सांगायचे नाहीत. मी ज्या वर्षाबद्दल लिहिते आहे त्या वर्षी ती अमेरिकेत फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्गात होती, आणि कामाचा अनुभव म्हणून तिला एका व्यावसायिक बास्केटबॉल संघाबरोबर ठेवलं होतं. खेळाडूंचे घोटे पट्ट्यांनी बांधायचे, गुडघ्यांना बर्फ लावायचा, असं काम. अट एकच: संघाचा हंगाम संपेपर्यंत तिने तिथेच राहायचं. हंगामानंतर मोकळीक, पण जूनमध्ये परीक्षा आणि लगेच हॉस्पिटलची नेमणूक. म्हणजे पुण्याला यायचं तर मेच्या पहिल्या पंधरवड्यात, नाहीतर थेट डिसेंबरात.

पुण्यात मे महिन्यात कार्यालय हवं असेल तर दिवाळीतच ठरवावं लागतं. मी ताईला फोनवर विचारलं.

"आजी, डोन्ट वरी," ती म्हणाली. "आमची टीम प्लेऑफमध्ये गेलीच, तर आठवी म्हणून जाईल. मग पहिल्या नंबरशी गाठ. चार, फार तर पाच मॅचेस, की आम्ही घरी. मेच्या सुरुवातीला मी तुझ्या किचनमध्ये."

मी धायरीच्या बाजूचं एक कार्यालय ठरवून टाकलं. गुरुजी ठरवले, आचारी ठरवला. पुण्याच्या माणसाला मे महिन्यातलं कार्यालय मिळालं, की आता जगात काही वाकडं होऊ शकतं हे त्याला पटतच नाही. तीच माझी चूक झाली.

एप्रिलमध्ये ताईचा संघ खरोखरच आठवा आला. तोपर्यंत प्लेऑफ म्हणजे काय, हे मला नीट माहीत नव्हतं. मी विचारत गेले आणि ती सांगत गेली. वर्षभर सगळे संघ एकमेकांशी खेळतात. शेवटी देशाच्या दोन भागांतले पहिले आठ-आठ संघ निवडतात. पहिल्याची गाठ आठव्याशी, दुसऱ्याची सातव्याशी, असं. वर्षभर चांगलं खेळल्याचं बक्षीस म्हणून पहिल्याला सगळ्यांत कच्चा प्रतिस्पर्धी. आणि एकच सामना नाही, जास्तीत जास्त सात. जो आधी चार जिंकेल तो पुढे.

सात कशाला, हे मला कळेना. आमच्या शाळेत सिमेंटचं बास्केटबॉलचं मैदान होतं. माझं अक्षर चांगलं म्हणून गुण लिहायला मला बसवायचे. खेळायला कधी घेतलं नाही. शाळाशाळांच्या स्पर्धेत एकच सामना असायचा. हरलात, डबा खा आणि घरी जा. एका वर्षी आमच्या कच्च्या संघाने सगळ्यांत बलाढ्य शाळेला हरवलं. आमच्या सिस्टर म्हणाल्या, देवाची कृपा. मला माहीत होतं, त्यांची सर्वांत उंच मुलगी त्या आठवड्यात गालगुंडाने अंथरुणावर होती.

सात सामने खेळायचे म्हटल्यावर गालगुंडावर भिस्त ठेवता येत नाही. नशीब एखाद्या दिवशी येईल, फार तर दोन दिवशी. चार दिवस कसं येईल? म्हणजे ही सगळी योजना कच्च्याने जिंकू नये म्हणूनच केलेली. मग तरीही कधी आठवा जिंकतो का?

"क्वचित झालंय," ताई म्हणाली. "खूप क्वचित."

"आणि झालं तेव्हा कशामुळे झालं?"

"आजी, मला पाय बांधायचेत. नंतर सांगते."

तिकडची संध्याकाळ म्हणजे आमची सकाळच्या चहाची वेळ. ताईने मोबाईलवरून टीव्हीवर सामना लावायचं मला शिकवलं होतं. आजोबा, मी, आणि खालच्या मजल्यावरचे घड्याळवाले काका असे तिघं बसायचो. काकांचं बुधवार पेठेत घड्याळांचं दुकान होतं. त्यांची चौथी पिढी पुण्यात. दुकान मुलाकडे सोपवून ते वारज्याला राहायला आले, तेव्हापासून रोज संध्याकाळी आजोबांशी कॅरम. सकाळी यायचं कारण आता बास्केटबॉलने दिलं. चौथ्या तुमच्या आत्याआजी, आजोबांची धाकटी बहीण. त्या सहस्रचंद्रदर्शनाच्या तयारीला म्हणून आल्या होत्या आणि सामना चालू असताना वाती वळायच्या.

पहिल्या क्रमांकाच्या संघात सात फुटांहून उंच असा एक खेळाडू होता. आजोबांनी त्याचं नाव पाण्याची टाकी ठेवलं. तो बास्केटच्या खाली उभा राहायचा आणि जवळ येईल त्याचा चेंडू तळहाताने माशी झटकावी तसा झटकायचा. पहिला सामना ताईचा संघ वाईट हरला. दुसरा जरा कमी वाईट.

"सुटली पोरगी," आत्याआजी म्हणाल्या. "मी काल बुधवारातल्या गणपतीला सांगून आले होते, लवकर हरू देत म्हणून."

"त्याला बास्केटबॉल कळतो का?" आजोबा म्हणाले.

"चार हात आहेत, दादा. तुझ्यापेक्षा जास्त कळत असेल."

मी ताईची गादी उन्हात टाकली.

तिसऱ्या सामन्यात काहीतरी वेगळं झालं. ताईच्या संघाने आपला स्वतःचाच उंच खेळाडू बाकावर बसवला आणि पाचही ठेंगणे मैदानात उतरवले. ठेंगणे म्हणजे तिकडचे. आपल्या दारातून वाकूनच आले असते. आणि ते जिंकले. चौथाही जिंकले. आता दोन-दोन.

आत्याआजींनी वाती खाली ठेवल्या. "हे काय चाललंय?"

मलाही तेच समजून घ्यायचं होतं. जुनी सवय; मी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर मैदानाची आकृती काढून, चेंडू कुठून टाकला त्याच्या खुणा करत होते. पहिल्या दोन सामन्यांतल्या खुणा बास्केटखाली, टाकीच्या पायाशी. पुढच्या दोन सामन्यांतल्या सगळ्या लांब, त्या अर्धवर्तुळाच्या बाहेर, जिथून टाकलं की तीन गुण मिळतात. टाकीने ज्याला अडवायचं तो माणूसच मुळी लांब जाऊन उभा राहत होता. टाकी त्याच्यामागे बाहेर गेली की बास्केटखाली मोकळं रान. नाही गेली, की तो तिथून शांतपणे तीन गुणांचा चेंडू टाकायचा.

संध्याकाळी आजोबा आणि काका कॅरमला बसले तेव्हा मला एकदम आठवलं, की आजोबा सोसायटीत सगळ्यांना हरवतात, काका सगळ्यांशी हरतात, आणि तरी काका आजोबांना नेमाने हरवतात. इतक्या वर्षांत मी कधी कारण विचारलं नव्हतं.

"वहिनी, त्यात काही नाही," काका म्हणाले. "साहेबांचा नेम चांगला. सरळ सोंगटी दिसली की गेली. म्हणून मी सोंगट्या कडेला चिकटवून ठेवतो. कडेची सोंगटी साहेबांना काढता येत नाही."

"येते," आजोबा म्हणाले.

"काढा की मग."

आजोबांनी स्ट्रायकर मारला. सोंगटी जिथल्या तिथे.

"दुसऱ्या कुणापुढे हे चालत नाही," काका म्हणाले. "वरच्या जोशीबुवांना कडेची पण निघते, सरळ पण निघते. मला फक्त साहेब सापडलेत."

"कुस्तीत जोड लावतात ना," आजोबा त्या सोंगटीकडे बघत म्हणाले, "तसं आहे ते. कोण मोठा, हे विचारायचं नाही. कोणाशी, ते विचारायचं."

त्या दिवशी ताईचा फोन आला. "आजी, काय होतंय मला कळत नाहीये."

"मला कळतंय," मी म्हटलं, आणि टाकीचं सगळं सांगितलं. ती इतकी हसली की तिला खोकला आला. "आमच्या कोचला हे कळायला दोन मॅचेस लागल्या!"

"मलाही दोनच लागल्या," मी म्हटलं.

पाचव्या सामन्यात टाकीवाल्यांनी युक्ती ओळखली. त्यांनी टाकीला जागेवरून हलूच दिलं नाही, आणि बाहेर पळायला दुसरी दोन तरणी मुलं दिली. ताईचा संघ हरला. आता फक्त एक पराभव, की ताई विमानात. मला बरं वाटायला हवं होतं, आणि वाटलंही. पण दिवसभर मी त्या वर्तमानपत्राच्या कडेकडे बघून, त्या दोन तरण्या मुलांना कसं चुकवता येईल याचाच विचार करत राहिले. आमटी लागली. ताटात आमटी वाढल्यावर आजोबांनी तिच्याकडे आणि मग माझ्याकडे बघितलं.

सहावा सामना ताईचा संघ जिंकला. तीन-तीन.

दुपारी कार्यालयातून व्यवस्थापकांचा फोन. "पानं किती धरायची, ते अजून कळवलं नाहीत."

"परवा कळवते."

"परवा का?"

"परवा सातवा सामना आहे. बास्केटबॉलचा. अमेरिकेत."

"बाई, आमच्याकडे कार्यं पंचांग बघून होतात," म्हणाले, आणि फोन ठेवला.

सातव्या सामन्याच्या आदल्या दिवशी ताईने फोन केला. सामना दुसऱ्यांच्या गावात होता, ती संघाबरोबर तिकडे गेली होती. म्हणाली, "आजी, खरं सांग. तू कुणाच्या बाजूने?"

मी पन्नास वर्षं मुलांना खोटं बोलू नका म्हणून सांगितलं. "तू यावीस असं वाटतं," मी म्हटलं. "पण टाकी जिंकावी असं वाटत नाही."

"मलाही," ती म्हणाली. मग तिने एका खेळाडूबद्दल सांगितलं. संघातला सर्वांत वयस्क. अनेक वर्षं खेळतोय, पण त्याचा कुठलाच संघ पहिली फेरी ओलांडून गेलेला नाही. हे त्याचं शेवटचं वर्ष. त्याचा डावा घोटा रोज ती बांधते, आणि कितीही आवळली तरी तो एकच म्हणतो: अजून घट्ट. "आजी, त्याने हरावं असं मला म्हणता येत नाही गं. आजोबांना सांगू नकोस."

फोन स्पीकरवर होता. आजोबा समोरच बसले होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

सामन्याच्या सकाळी काका आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून आले. आत्याआजींनी देवापुढे दिवा लावला आणि काय मागितलं ते कुणाला सांगितलं नाही. टीव्हीवर खेळाडूंच्या बाकांमागे मध्येच ताई दिसायची, हातात पांढऱ्या पट्टीचं भेंडोळं, केस घट्ट बांधलेले. दिसली की आजोबा पुढे झुकायचे.

शेवटचं मिनिट आलं तेव्हा ताईचा संघ एका गुणाने मागे होता. चेंडू त्यांच्याकडे. तो वयस्क खेळाडू अर्धवर्तुळाबाहेर अगदी कोपऱ्यात उभा, आणि त्याला अडवायचं काम त्या वेळी नेमकं टाकीकडे आलेलं. सगळे चेंडूकडे बघत होते. मी टाकीच्या पायांकडे बघत होते. तो अर्धं पाऊल बाहेर आला. थांबला. परत आत गेला. आयुष्यभर आत उभं राहून जिंकलेला माणूस. त्याचे पाय ऐकेनात. चेंडू कोपऱ्यात गेला, वयस्काने दोन्ही पाय नीट टेकवले, आणि टाकला.

आत.

उरलेल्या सेकंदांत काय झालं ते मी पाहिलंच नाही, कारण मी उभी राहून टाळ्या वाजवत होते आणि काकाही.

"अगं, टाळ्या काय वाजवतेस!" आत्याआजी ओरडल्या. "कार्यालय गेलं ना!"

तेव्हा मी खाली बसले. मला आजोबांकडे बघवेना. दिव्याचं तबक मी आधीच घासून ठेवलं होतं, ते समोरच्या कपाटात दिसत होतं.

बऱ्याच वेळाने ताईचा फोन आला. मागे नुसता गोंगाट. ती रडत होती आणि हसत होती, आणि दोन्हींतून "सॉरी, आजी" एवढंच कळत होतं. आजोबांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"त्याचा घोटा बरा आहे का?"

"हो, आजोबा."

"मग सॉरी कशाला? काम नीट केलंस." फोन दुसऱ्या कानाला लावला. "डिसेंबरपर्यंत मी थांबतो. मलाही डॉक्टरांनी आठवा नंबरच दिलाय. बघू कशी जोड लागते."

मी सगळ्यांना फोन केले. गुरुजी समजूतदार निघाले. म्हणाले, वय उलटून गेल्यावरही चालतं. कार्यालयाच्या व्यवस्थापकांनी फक्त विचारलं, "कोण जिंकलं?"

पुढच्या फेरीत ताईच्या संघाला ओळीने चार सामन्यांत गुंडाळलं. तो संघ टाकीवाल्यांपेक्षा खालच्या क्रमांकाचा होता. पण त्यांच्याकडे टाकीच नव्हती, मग बाहेर कुणाला खेचणार? युक्ती एकाच कुलपाची किल्ली होती. ताई मोकळी झाली तेव्हा परीक्षा तोंडावर आली होती आणि तिला निघता येईना.

गणपतीनंतर एका पहाटे आजोबांना दम लागला आणि त्यांना हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागलं. मी पुन्हा बाकावर बसले. खरं सांगते, तेव्हा मला ते अर्धं पाऊल आठवलं आणि त्या टाकीचा राग आला. पुढे आला असतास तर काय बिघडलं असतं? मे महिन्यातच सगळं झालं असतं. काका माझ्या शेजारी बसले होते. ते म्हणाले, "वहिनी, साहेब कडेला चिकटलेत. निघायचे नाहीत." आणि खरोखरच आजोबा चार-पाच दिवसांत घरी आले, आल्या आल्या कॅरम मागितला, आणि हरले.

डिसेंबरात ताई आली. कार्यालय नाही, आचारी नाही. आमच्याच हॉलमध्ये सोफे भिंतीला सारून पाट मांडला. तुम्ही दोघं खिडकीत बसून पेढे खात होतात. गुरुजींनी आजोबांसाठी खुर्ची आणायला सांगितली. अशा वयात चालतं, म्हणाले.

"पाट ठरलाय," आजोबा म्हणाले.

ताईने बॅगेतून निळ्या पट्टीचं भेंडोळं काढलं. आजोबांना पलंगावर बसवलं, धोतर वर सारलं आणि दोन्ही गुडघे बांधायला घेतले. वरून एक वेढा, खालून एक, मध्ये वाटी मोकळी. मी तिच्या हातांकडे बघत राहिले. असं काम मी जवळून कधी पाहिलं नव्हतं आणि मला विचारायचं होतं, की वाटी मोकळी का ठेवायची. पण ती दातांनी पट्टी फाडत होती.

"बरं आहे?" तिने विचारलं.

"अजून घट्ट," आजोबा म्हणाले.

तिने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं, पुन्हा खाली घातली, आणि आवळली.

मग ते उठले, चार पावलं चालले, आणि एका हाताने तिचा खांदा धरून पाटावर बसले. अगदी मांडी घालून. तिने ओवाळलं. उठवायला मात्र ताई, मी आणि घड्याळवाले काका असे तिघं लागलो.